हॅम्बुर्ग बंदर पाहायचं तर भरतीच्या वेळेने: अडीच दिवसांचा क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

दर उन्हाळ्यात आमच्याकडे पुण्या-नाशिकहून पाहुणे येतात आणि त्यातले निम्मे तरी हॅम्बुर्ग उलट्या क्रमाने पाहून आलेले असतात. स्टेशनवर उतरले, टाउन हॉलपाशी फोटो काढले, समोर पाणी दिसलं म्हणून बोटीत बसले. तासाभराने उतरले तेव्हा कळलं की हे बंदर नव्हतंच, आल्स्टर तलाव होता. मिनिएचर वंडरलँड या छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनाची तिकिटं संपलेली. रविवारी खरेदी ठेवलेली, तर दुकानं बंद. खऱ्या बंदरावर पोहोचेपर्यंत अंधार पडलेला.

हे सगळं टळतं. त्यासाठी एकच गोष्ट मनात पक्की बसवावी लागते: हे शहर समुद्रापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, एल्बे नदीवर आहे, तरी इथे दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. पाणी साडेतीन मीटरच्या आसपास वर-खाली होतं. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगितलं. पुढचा सगळा क्रम पाण्याच्या वेळेभोवती बांधलेला आहे.

## टप्पा १: आधी वार ठरवा, मग तारीख

विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मंगळवार-बुधवार धरू नका. हॅम्बुर्गसाठी शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ हा काळ सर्वांत सोयीचा, कारण मासळीबाजार, म्हणजे फिशमार्क्ट, फक्त रविवारी पहाटे भरतो. एप्रिल ते ऑक्टोबर तो ५ वाजता सुरू होतो आणि नोव्हेंबर ते मार्च ७ वाजता. दोन्ही ऋतूंत साडेनऊला आवरतो. सोमवार टाळा, बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

महिना निवडताना पावसाचा विचार सोडून द्या. तो बारा महिने येतो-जातो. विचार उजेडाचा करा. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरअखेर दुपारी चारला सूर्य मावळतो. त्यामुळे हिवाळ्यात याच यादीला एक दिवस जास्त लागतो. मेच्या सुरुवातीला बंदराचा वाढदिवस साजरा होतो. त्या दिवसांत मोठी जहाजं येतात, पण गर्दी इतकी की लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर दुसरी तारीख घ्या.

तपासा: रविवार तुमच्या मुक्कामात पूर्ण येतो का? रविवारी सुपरमार्केटं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली काही दुकानं तेवढी उघडी. बाळाचं दूध, औषधं, नाश्त्याचं सामान शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेवा.

## टप्पा २: भरतीचं कोष्टक काढा

जवळजवळ कोणीच न करणारी पायरी हीच. जर्मनीच्या सागरी आणि जलमापन खात्याच्या संकेतस्थळावर ठिकाणानुसार भरतीच्या वेळा मिळतात. ठिकाण म्हणून ‘हॅम्बुर्ग, सांक्ट पाउली’ निवडा. त्यात दोन शब्द ओळखता आले की पुरे: ‘होखवासर’ म्हणजे भरती, ‘नीडरिगवासर’ म्हणजे ओहोटी.

आता तुमच्या तीन दिवसांच्या वेळा कागदावर उतरवा. दर दिवशी भरती साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते. शनिवारी सकाळी ११ ला भरती असेल तर रविवारी ती १२ च्या जरा आधी येईल. आणखी एक: इथे पाणी चढायला सुमारे पाच तास लागतात आणि उतरायला सात. त्यामुळे दोन भरतींच्या बरोबर मध्यावर ओहोटी असेल हा हिशोब चुकतो. दोन्ही वेळा कोष्टकातूनच घ्या.

सावध: काही कोष्टकं वर्षभर जर्मनीच्या हिवाळी वेळेतच छापलेली असतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर घड्याळ एक तास पुढे असतं. कोष्टकाखालची वेळेची टीप वाचा आणि गरज असेल तर एक तास मिळवा. या एका तासापायी मी स्वतः पाहुण्यांना घेऊन बोटीच्या धक्क्यावर उशिरा पोहोचलो होतो, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितोय.

## टप्पा ३: बुकिंगचा क्रम

आधी मिनिएचर वंडरलँड, मग हॉटेल, मग रेल्वे. उलटं वाटेल, पण वंडरलँडच्या प्रवेशाला ठरावीक वेळ असते आणि सुट्टीच्या दिवसांतल्या सोयीच्या वेळा लवकर जातात. शुक्रवारी शक्य तितकी उशिराची वेळ घ्या. शनिवारची दुपार यात घालवू नका, ती उघड्या हवेसाठी लागणार आहे.

हॉटेल स्टेशनजवळच हवं असा हट्ट नको. यू-३ या मेट्रो मार्गावर कुठेही घ्या. ही गाडी र्‍योडिंग्समार्क्ट ते लांडुंग्सब्र्युकेन, म्हणजे बोटींचा मोठा धक्का, या पट्ट्यात उंच पुलावरून, बंदराला लगटून धावते. सामान घेऊन आलात तरी पहिलं दर्शन खिडकीतूनच होतं.

रेल्वेचं तिकीट काढताना नाव अक्षर-अक्षर तपासा. फ्रांकफुर्टजवळ ‘बाड होम्बुर्ग’ आहे, झारलँडमध्ये ‘होम्बुर्ग’ आहे, आणि खुद्द हॅम्बुर्गच्या दक्षिणेला ‘हारबुर्ग’ हे मोठं स्टेशन आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या हारबुर्गला थांबतात. फलकावर ‘हॅम्बुर्ग-हारबुर्ग’ दिसलं की लोक बॅगा उतरवतात. तिथे उतरलात तर नदीच्या पलीकडे राहाल. तुम्हाला ‘हाउप्टबानहोफ’, म्हणजे मुख्य स्टेशन हवं आहे.

एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाच्या सज्जाचं, म्हणजे प्लाझाचं, तिकीट वेगळं आणि मैफलीचं वेगळं. मैफल ऐकायची असेल तर महिनोन्‌महिने आधी पाहा. नुसत्या सज्जासाठी आगाऊ ऑनलाइन वेळ राखता येते किंवा त्याच दिवशी तिथे रांगेत उभं राहून तिकीट घेता येतं. शुक्रवार-शनिवारसाठी आधीच राखलेलं बरं.

फ्लेटमधल्या, म्हणजे शहरातल्या कालव्यांतल्या, बोटीचं बुकिंग मात्र अजून करू नका. त्याचं कारण टप्पा ७ मध्ये.

## टप्पा ४: प्रवासाचं तिकीट

शहरातली मेट्रो, उपनगरी गाडी, बस आणि बंदरातली फेरीबोट यांना एकच तिकीट चालतं. त्या व्यवस्थेचं नाव ‘हाफाउफाउ’. स्टेशनवर आडवं फाटक नाही, त्यामुळे तिकीट लागत नाही असा समज होतो. तिकीट तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड ६० युरो आहे. दिवसाचं तिकीट घ्या, पाचजणांपर्यंतचं गट-तिकीटही मिळतं. ‘९ वाजल्यानंतरचं’ तिकीट स्वस्त असतं, आणि शनिवार-रविवारी ते दिवसभर चालतं. यंत्रातून आलेलं तिकीट त्या क्षणापासून वैध असतं, वेगळा शिक्का मारायचा नसतो.

विमानतळावरून एस-१ गाडी साधारण २५ मिनिटांत मुख्य स्टेशनला आणते. येताना काही अडचण नाही. जाताना आहे, ते शेवटी सांगतो.

## टप्पा ५: शुक्रवार, फक्त दोन गोष्टी

प्रवासाने थकलेले असता, म्हणून आज इतिहास नको. संध्याकाळी यू-३ ने बाउमवाल स्टेशनला उतरा आणि चालत एल्बफिलहार्मोनीकडे जा. खालचा विटांचा भाग म्हणजे १९६० च्या दशकातलं गोदाम. त्यात कोको, चहा, तंबाखू साठवत. वरचा काचेचा भाग २०१७ साली खुला झाला. आत जाणारा सरकता जिना ८२ मीटर लांब आणि कमानीसारखा वळलेला आहे, तळाशी उभं राहून त्याचं दुसरं टोक दिसत नाही. घाई न करता उजव्या बाजूला उभे राहा.

सज्जा ३७ मीटर उंचीवर आहे. लोक पहिल्याच दारातून बाहेर पडतात, दोन फोटो काढतात आणि परत फिरतात. पूर्ण प्रदक्षिणा घाला. एका बाजूला गोदी आणि क्रेन, दुसऱ्या बाजूला विटांची गोदामनगरी, तिसऱ्या बाजूला चर्चचे सुळके. उद्या आणि परवा जे चालायचं आहे त्याचा नकाशा इथे डोळ्यांत भरून घ्या. मुलांना तीन ठिकाणं ओळखायला सांगा: काळवंडलेला एकटा सुळका, हिरव्या तांब्याच्या छपरांची रांग आणि नदीकाठच्या धक्क्यावरचा घड्याळाचा मनोरा.

मग चालत दहा मिनिटांवर वंडरलँड. जगातला सर्वांत मोठा रेल्वेचा प्रतिकृती-संच. त्याला तीन तास द्या.

सावध: सज्जावर वारा जोराचा असतो. छत्रीचा काही उपयोग नाही, या शहरात कुठेच नाही. टोपीचं जॅकेट आणा.

## टप्पा ६: शनिवार, इतिहास चालत आणि क्रमाने

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो. माहितीपत्रकात ठिकाणं फोटोंच्या क्रमाने दिलेली असतात, लोक तशीच पाहतात आणि काहीच एकमेकांशी जुळत नाही. खालच्या क्रमाने गेलात तर एक आपत्ती दुसऱ्या बांधकामाचं कारण कशी झाली हे पायाखाली कळत जातं. सगळं मिळून अंतर चार किलोमीटरच्या आत आहे, पण चार तास ठेवा.

६.१ राटहाउस. सुरुवात टाउन हॉलपासून, पण इथे वीस मिनिटंच. १८९७ ची ही इमारत दलदलीच्या जमिनीत ठोकलेल्या सुमारे ४,००० लाकडी खांबांवर उभी आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. चौकाच्या पलीकडचं पाणी आल्स्टरचं. तो अडवलेल्या नदीचा तलाव आहे आणि तिथे भरती-ओहोटी नाही. युंगफर्नश्टीगच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी तलावात फिरवतात, बंदरात नाही.

आल्स्टरच्याच काठावर, जरा दूर, हॉटेल आटलांटिक आहे. ११ सप्टेंबर १९४२ ला तिथे सुभाषचंद्र बोसांच्या उपस्थितीत जर्मन-भारतीय संस्थेची स्थापना झाली आणि ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर राष्ट्रगीत म्हणून वाजवलं गेलं. स्वातंत्र्याला पाच वर्षं बाकी असताना. आज रात्री पाय शिल्लक असतील तर बाहेरून पाहून या, माझ्या मते ते चुकवू नये.

६.२ डाइखश्ट्रासं. राटहाउसपासून दक्षिणेला दहा-बारा मिनिटं. ५ मे १८४२ ला पहाटे या गल्लीत आग लागली आणि ८ मेपर्यंत जुन्या शहराचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. ५१ माणसं गेली. गल्लीतली काही जुनी घरं वाचली, ती आजही आहेत. रस्त्याच्या बाजूने पाहून पुढे जाऊ नका. जवळच्या होहं ब्र्युकं या पुलावर जा आणि घरांची मागची बाजू पाहा. ती निकोलाईफ्लेट या कालव्यावर उघडते. शहराचं मूळ बंदर हेच. ओहोटीला इथे चिखल उघडा पडतो, भरतीला पाणी भिंतींना लागतं. माल दोन्ही बाजूंनी घेता यावा म्हणून घराचं एक तोंड रस्त्याकडे आणि दुसरं पाण्याकडे. हे नीट बघून ठेवा. पुढची सगळी गोदामनगरी याच कल्पनेवर उभी आहे, फक्त दसपट मोठी.

६.३ निकोलाई चर्चचे अवशेष. डाइखश्ट्रासंपासून पाच मिनिटं. जुनं चर्च १८४२ च्या आगीत गेलं, मग नवीन बांधलं. त्याचा १४७ मीटरचा सुळका १८७४ पासून दोनेक वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत होता. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी शहरावर दहा दिवस बॉम्बहल्ले केले, तेव्हा वैमानिकांना हाच सुळका खूण म्हणून दिसत होता. २७-२८ जुलैच्या रात्री पूर्वेकडच्या कामगारवस्त्यांत आगीचं वादळ उठलं. त्या दिवसांत ३४,००० च्या वर माणसं मेली. चर्चचा गाभारा मुद्दाम पुन्हा बांधला नाही.

काचेच्या लिफ्टने ७६ मीटरवर जाता येतं, खाली तळघरात संग्रहालय आहे. आधी तळघर, मग लिफ्ट. आधी वर गेलात तर नुसतं छान दृश्य दिसतं. खालचे फोटो पाहून वर गेलात तर पूर्वेकडे बघताना सगळ्या इमारती एकाच वयाच्या का दिसतात ते आपोआप कळतं. लहान मुलांना तळघरात नेण्याआधी स्वतः एक फेरी मारून या.

तपासा: आत्तापर्यंत दोन तास झाले असतील. भरतीची वेळ जवळ आली असेल तर ६.४ मागे ठेवा आणि टप्पा ७ आधी करा.

६.४ श्पाइखरश्टाट, म्हणजे गोदामनगरी. १८८८ साली हॅम्बुर्ग जर्मनीच्या जकात-संघात सामील झालं. तोवर सगळं शहरच जकातमुक्त होतं. आता व्यापाऱ्यांना निदान एक बंदिस्त जकातमुक्त पट्टा हवा होता. तो मिळवण्यासाठी नदीकाठची आख्खी वस्ती पाडली आणि सुमारे २०,००० माणसांना घरं सोडावी लागली. विटांच्या कमानी बघताना ही गोष्ट मनात ठेवा, माहितीच्या फलकांवर ती लहान अक्षरात असते. बांधकाम १८८३ ते १९२७ चाललं, लाकडी खांबांवरच. युद्धात निम्मी नगरी पडली आणि नंतर पुन्हा उभारली गेली.

इथे पाहायचं काय? वर बघा. प्रत्येक इमारतीच्या माथ्यावर कपीचं घर आहे. तिथून दोर सोडून पोती उचलत आणि मजल्या-मजल्याच्या दारांतून आत ओढत. पाण्याच्या बाजूला बोट लागे, रस्त्याच्या बाजूला गाडी. कॉफी, चहा, मसाले, गालिचे. पोत्यांचा नमुना काढायची हत्यारं, आकडे आणि वजनकाटे पाहायचे असतील तर आम झांडटोरकाईवरच्या श्पाइखरश्टाट संग्रहालयात जा. ते छोटंसं आहे, पाऊण तास पुरतो. आमच्या एका पाहुण्या काकांचं आयुष्य मार्केट यार्डात गेलं होतं. तिथून त्यांना हलवणं कठीण झालं.

फोटोसाठी पोगेनम्युलनब्र्युकं हा पूल शोधा. दोन कालव्यांच्या मधोमध उभी असलेली ‘वासरश्लोस’ ही इमारत तिथून समोर दिसते. दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा, असं दोनदा या.

६.५ चिलेहाउस. पुलापासून उत्तरेला आठ-दहा मिनिटं, मेसबेर्ग स्टेशनजवळ. चिलीहून सोरा आणून श्रीमंत झालेल्या हेन्री स्लोमान यांच्यासाठी फ्रिट्झ ह्योगर यांनी १९२२ ते १९२४ मध्ये बांधलेलं कचेऱ्यांचं घर. लोक दर्शनी दारातून फोटो काढतात आणि काय विशेष म्हणून विचारतात. पूर्वेकडच्या टोकाला जा. तिथे दोन भिंती जहाजाच्या नाळेसारख्या एकत्र येतात. गोदामनगरी आणि हा कचेऱ्यांचा भाग मिळून २०१५ साली जागतिक वारसा यादीत गेले. माल तिकडे आणि त्याचे हिशोब इकडे, म्हणून दोन्ही एकाच दिवशी पाहायचे.

६.६ लोजेपार्क. शक्ती असेल तर परत दक्षिणेला, हाफेनसिटी या बंदराकाठच्या नव्या वस्तीतल्या या बागेत या. इथे हानोव्हर स्टेशन होतं. १९४० ते १९४५ मध्ये इथून ८,००० हून जास्त ज्यू, सिंती आणि रोमा माणसांना गाड्यांत भरून छळछावण्यांकडे पाठवलं. नावांचे फलक आहेत. तिकीट नाही. शांतपणे पंधरा मिनिटं.

## टप्पा ७: फ्लेटमधली बोट, पाणी सांगेल तेव्हा

गोदामनगरीच्या कालव्यांतून फिरवणाऱ्या बसक्या, लांबट बोटींना ‘बारकासं’ म्हणतात. ओहोटीला कालव्यात पुरेसं पाणी नसतं, आणि पाणी फारच चढलं तर बोट पुलांखालून जात नाही. साधारण भरतीच्या आधी-नंतरचे दोनेक तास सोयीचे. भलत्या वेळी बसलात तर तुम्हाला मोठ्या बंदरात चक्कर मारून आणतात आणि कालवे राहून जातात. तिकिटाचे पैसे मात्र तेवढेच.

क्रम असा:

१. कागदावरची शनिवारची भरतीची वेळ पाहा.
२. त्याच्या तासभर आधी लांडुंग्सब्र्युकेन किंवा बाउमवालच्या धक्क्यावर पोहोचा.
३. तिकीट घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: “आत्ताची फेरी श्पाइखरश्टाटच्या आतून जाते का?” ‘हो’ म्हणाले तरच पैसे द्या.
४. माहिती कोणत्या भाषेत सांगणार तेही विचारा. बहुतेक फेऱ्या जर्मनमध्ये असतात, इंग्रजीतल्या मोजक्या.

भरती पहाटे किंवा रात्री येत असेल तर हट्ट नको. रविवारी दुपारी जमतं का पाहा, नाहीतर पुलांवरूनच पाहा.

तपासा: लांडुंग्सब्र्युकेनच्या टोकाला दगडी मनोरा आहे, काल वरून ओळखलेला. त्यावर घड्याळ आहे आणि पाण्याची पातळी दाखवणारी खूणही आहे. तुमच्या कागदाशी ताडून पाहा. धक्का तरंगता आहे, त्यावर जायचे छोटे पूल ओहोटीला चांगलेच उतरते होतात. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर भरतीची वेळ इथेही सोयीची.

## टप्पा ८: रविवार, पहाटेपासून

८.१ फिशमार्क्ट. उन्हाळ्यात सहाला पोहोचा. आठनंतर आलात तर गर्दी भरपूर आणि माल थोडा. हा बाजार १७०३ पासून भरतो. आज मासळीइतकीच फळं, झाडं, कपडे असतात. विक्रेते गाड्यावर उभं राहून ओरडत टोपल्या भरतात. १८९६ च्या लिलावघरात गाणं-बजावणं चालू असतं. शाकाहारी असाल तर ‘फ्रान्झब्र्योटखेन’ घ्या. दालचिनी आणि लोण्याचा हा चपटा पाव इथला खास आहे. मासे खात असाल तर पावात घातलेला हेरिंग मासा.

सावध: हिवाळ्यात वायव्येकडून वादळ आलं की हा भाग पाण्याखाली जातो. काठावर गाडी लावू नका आणि आदल्या रात्री इशारा पाहा. १६-१७ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री अशाच लाटेने बांध फुटले आणि शहरात ३१५ माणसं गेली, सर्वांत जास्त विल्हेल्म्सबुर्ग बेटावर. आजचे उंच बांध आणि लोखंडी दारं त्यानंतरची. हाफेनसिटीतल्या नव्या इमारती उंच भरावावर आहेत, गोदामनगरी मात्र बांधाच्या बाहेरच राहिली.

८.२ फेरी क्रमांक ६२. बाजारापासून चालत ‘आल्टोना (फिशमार्क्ट)’ धक्का. इथून ६२ क्रमांकाची फेरी पकडा. तुमचं दिवसाचं तिकीट चालतं. वेगळं ‘पर्यटन तिकीट’ विकायला कोणी पुढे आलं तर ते दुसऱ्या बोटीचं आहे. सरळ वरच्या डेकवर जा आणि जाताना डाव्या बाजूला उभे राहा, कंटेनरांच्या क्रेन तिकडे. उजवीकडे आल्टोनाचा चढ आणि जुनी घरं. शेवटचा थांबा फिंकनवेर्डर. तिथे काही पाहायचं ठरवलं नसेल तर त्याच मार्गाने परत या.

परतताना ‘नॉयम्युलन/योव्हेलगोनं’ला उतरा. जुन्या बोटींचं छोटं बंदर, त्यापुढे खलाशी-वाटाड्यांची घरं आणि त्यापुढे वाळू. नदीला पुळण! वाळूत बसून समोरून आख्खी कंटेनरबोट जाताना बघणं, यासाठी वेगळं तिकीट काढावं लागत नाही. तास-दीड तास इथे ठेवा. आमच्या घरातल्यांचं यावर एकमत आहे की हॅम्बुर्गमध्ये एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करावी.

सावध: मोठं जहाज गेल्यावर दोन-तीन मिनिटांनी लाट येते. चपला, पिशव्या, मुलं पाण्यापासून लांब. आणि एल्बेत पोहायला उतरू नका, प्रवाह ओढून नेतो.

कंटेनर टर्मिनलच्या आत जवळून जायचं असेल तर ६२ क्रमांकाने भागणार नाही. त्यासाठी लांडुंग्सब्र्युकेनवरून ‘हाफेनरुंडफार्ट’, म्हणजे बंदराची बोटफेरी, घ्यावी लागते. पण आधी फेरी, मग गरज वाटली तर ती.

८.३ जुना एल्बे बोगदा. लांडुंग्सब्र्युकेनला परत येऊन घुमटाच्या इमारतीत शिरा. १९११ साली गोदीकामगारांना पलीकडे जाता यावं म्हणून नदीखाली सुमारे २४ मीटर खोल हा बोगदा खणला. लांबी ४२६ मीटर. पादचाऱ्यांना पैसे पडत नाहीत, लिफ्ट आहे. बहुतेक जण मध्यापर्यंत जाऊन परत येतात. तसं करू नका. पलीकडे, श्टाइनवेर्डरला वर या. शहराची आख्खी किनाररेषा समोर उभी राहते, दुपारनंतर ऊनही तिच्यावर असतं.

८.४ मिखेल. शेवटी सांक्ट मिखाएलिस चर्च. १०६ मीटरवर सज्जा, ४५२ पायऱ्या किंवा लिफ्ट. शुक्रवारी अनोळखी दिसलेला नकाशा आता वाचता येतो. रविवारी प्रार्थनेच्या वेळी आत फिरू देत नाहीत, म्हणून दुपार.

रेपरबान या रात्रीच्या करमणुकीच्या रस्त्याबद्दल विचारणा होतेच. बीटल्स १९६० ते १९६२ इथल्या क्लबांत वाजवत होते, त्या जागांसाठी संध्याकाळी तासभर पुरे. काही गल्ल्यांत फोटो चालत नाहीत आणि एका गल्लीच्या तोंडाशी महिला आणि अल्पवयीनांना मनाईची पाटी आहे. कुटुंबाबरोबर असाल तर मोठ्या रस्त्यावरच राहा.

## टप्पा ९: अर्धा दिवस उरला तर एकच निवडा

घरातल्या कुणी परदेशी स्थलांतर केलं असेल तर फेडेलचं बालिनश्टाट. १८५० ते १९३० च्या दशकापर्यंत सुमारे ५० लाख माणसं या बंदरातून अमेरिकेकडे गेली, त्यांच्या मुक्कामाच्या बराकी इथे पुन्हा उभारल्या आहेत. जहाजांची आवड असेल तर १९११ ची चार डोलकाठ्यांची ‘पेकिंग’. ती चिलीचा सोरा वाहायची, म्हणजे चिलेहाउसचा धागा इथे येऊन मिळतो. ती ज्या संग्रहालयात आहे ते हिवाळ्यात बंद असतं. नॉयनगामं छळछावणीच्या स्मारकाला मात्र अर्धा नव्हे, पूर्ण दिवस द्या, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

## टप्पा १०: विमानतळाकडे परत

एस-१ गाडी ओल्सडोर्फ स्टेशनला दोन तुकड्यांत सुटते. पुढचे तीन डबे विमानतळाला जातात, मागचे पोपेनब्युटेलला. मुख्य स्टेशनवर फलाटावरचा फलक आणि डब्यावरचं नाव वाचून पुढच्या भागातच बसा. सामानासकट मागच्या डब्यात चढला असाल तर ओल्सडोर्फला दारं उघडताच उतरा आणि फलाटावरूनच पुढे पळा. डबे आतून जोडलेले नसतात, आणि गाडी तिथे फार वेळ थांबत नाही.